गणपतीच्या मातीवरची लांब उडी

भावोजींना जगभरातले विक्रम तोंडपाठ होते आणि त्यातला एक आपल्या घरात राहतो, असं ते कुणालाही सांगायचे. स्वतः ते एसटी पकडण्यापलीकडे आयुष्यात कधी धावले नाहीत. पाटबंधारे खात्यातली नोकरी, त्यात सुटलेलं पोट, त्यात गुडघे. पण संध्याकाळी चहा झाला की मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचे आणि जुन्या शर्यती लावायचे. अनवाणी पायांनी मॅरेथॉन मारणारा तो आफ्रिकेतला माणूस. मैलभर अंतर पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत पळून लोकांच्या हातांत कोसळणारा डॉक्टरकीचा विद्यार्थी. शेवट काय होणार हे शंभरदा पाहिलेलं असायचं, तरी दर वेळी नवीनच पाहत असल्यासारखे पुढे सरकायचे.

सगळ्यात लाडकी त्यांची मेक्सिकोची लांब उडी. त्या गड्याने इतकी लांब उडी मारली की मोजायचं यंत्र ज्या पट्टीवर सरकत होतं ती पट्टीच संपली. मग साधी टेप शोधून आणली. आकडा मीटरमध्ये जाहीर झाला, आणि याला मीटर कळत नव्हते. तो आपला इकडे तिकडे बघतोय. कुणीतरी फुटांत सांगितलं तेव्हा त्याच्या पायांतलं बळच गेलं, खाली बसला. भावोजी इथे मोबाईल थांबवायचे आणि मला म्हणायचे, "बघ, उडी मारून झाली, सगळ्या जगाला कळलं, आणि याला अजून पत्ता नाय." मग स्वयंपाकघराकडे मान करून मोठ्याने, "आमच्याकडे पण असंच आहे. विक्रमवीर पोळ्या लाटतायत."

आतून ताई म्हणायची, "विक्रमवीरांना कोथिंबीर निवडून द्या."

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. शाळेत असताना तिने तालुक्याच्या स्पर्धेत लांब उडी मारली, ती पोलादपूर तालुक्यात मुलींमध्ये त्यानंतर कुणालाच गाठता आली नाही. पुढे ती शिक्षिका झाली आणि दर वर्षी त्याच स्पर्धेत लांब उडीची पंच म्हणून खुर्ची टाकून बसायला लागली. वाळूच्या खड्ड्याच्या कडेला, तिची उडी जिथे पडली होती तेवढ्या अंतरावर, एक छोटा भगवा झेंडा रोवतात. माईकवरचे सर दर वर्षी त्याच शब्दांत सांगतात की हा विक्रम आजतागायत अबाधित असून विक्रमवीर स्वतः पंचाच्या खुर्चीत विराजमान आहेत. टाळ्या होतात. ताई उठून नमस्कार करते आणि बसते. भावोजी मागे उभे राहून सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवायचे. जणू उडी त्यांनीच मारली होती आणि ताईने नुसती सही केली.

भावोजी गेल्या थंडीत गेले. सकाळी गेले, दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

त्यानंतर आमच्या घराला भूल दिल्यासारखं झालं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल आपला आहे पण आपला वाटत नाही, बोट लावलं तर लागत नाही, तसं. ताई रडली नाही. पंधरवडा संपताच शाळेत जायला लागली. तिची मुलगी पुण्याहून आली, राहिली, परत गेली. भावोजींचे शर्ट ताईने दिले, चपला दिल्या, गोळ्या औषधवाल्याला परत केल्या, सगळं हिशेबाने आणि शांतपणे. मीही रडलो नाही. माझं महाडला चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा, पण मला स्वतःला त्या महिन्यांत काय दिसत होतं हे विचाराल तर काही नाही. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा रडून तरी घ्या." मी एक दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून प्रयत्न करून पाहिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकून आत आलं आणि काडी बसवून मागू लागलं. बसवून दिली.

भावोजींचं म्हणून अजून चालू असलेलं असं एकच उरलं होतं, तो झेंडा. तो वर्षभर स्पर्धेच्या सामानाच्या पत्र्याच्या पेटीत असायचा आणि एक दिवस वाळूत उभा राहायचा. तेवढा एक दिवस त्यांचं म्हणणं खरं असायचं, की घरात विक्रम राहतो. हे मी ताईशी कधी बोललो नाही. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. पण स्पर्धा जवळ यायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, "यंदा मी येतो तुझ्याबरोबर."

"दुकान?"

"एक दिवस लोकांना अंधुक दिसलं तर काही बिघडत नाही."

"ये," ती म्हणाली.

आता माझं क्रीडाक्षेत्राला योगदान. लांब उडीत पळत येऊन एका लाकडी फळीवरून उडायचं असतं. फळीच्या पुढे पाय गेला तर उडी बाद. पाय गेला की नाही हे कळावं म्हणून फळीला लागून पुढे मऊ मातीची एक पट्टी लावतात. पाय पडला तर तिच्यात ठसा उमटतो आणि वादच मिटतो. आदल्या वर्षी ती पट्टी तिथल्याच मातीची होती, पावसाने तिचा चिखल झाला, ठसा कुठला आणि खड्डा कुठला ते कळेना, आणि दोन शाळांचे सर एकमेकांच्या अंगावर गेले. ताईने हे सांगितल्यावर माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. माझ्या दुकानाशेजारी गणपतीचा कारखाना आहे. विसर्जन होऊन गेलं होतं, कारखान्यात शाडू उरला होता. शाडूसारखी माती नाही, नखसुद्धा उमटतं. मी गोणीभर मागून घेतला, स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवला, पोलादपूरला ताईला मागे बसवलं आणि आम्ही कापडे गावच्या मैदानावर पोचलो.

ताईने स्वतः थापीने पट्टी सारखी केली. पांढरट, गुळगुळीत, देखणी दिसत होती. माईकवरचे सर येऊन बघून गेले. त्यांना फार आवडली. कौतुक केल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि त्यांच्या हातात माईक होता.

"बंधू-भगिनींनो, यंदा लांब उडीच्या मैदानासाठी साक्षात गणरायाच्या मूर्तीची पवित्र माती उपलब्ध करून दिल्याबद्दल आपल्या पंचबाईंच्या बंधूंचे आपण ऋणी आहोत!"

टाळ्या झाल्या. मी हात जोडले. मला बरं वाटलं, असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर हात जोडले एवढंच.

मग झेंडा रोवला, ते नेहमीचं वाक्य झालं, ताई उठली, नमस्कार केला, बसली. टाळ्यांमध्ये एक जागा रिकामी राहिली होती आणि ती मी भरून काढायचा प्रयत्न केला, तर शेजारची एक शिक्षिका दचकून माझ्याकडे बघायला लागली.

पहिली मुलगी आली. पळायच्या खुणेवर उभी राहण्याआधी ती चालत फळीपर्यंत आली, वाकली, शाडूला हात लावून कपाळाला लावला आणि परत मागे गेली. मला वाटलं, मोठी श्रद्धाळू दिसते. दुसरीनेही तेच केलं. तिसरीने तर गळ्यातलं लॉकेटही डोळ्यांना लावलं. आणि मग त्या पळत यायच्या, जोरात यायच्या, आणि फळी दिसली की असं काही अंग चोरायच्या की वाटावं पुढे कुणी झोपलंय. फळीच्या आधीच, कुणी वीतभर, कुणी हातभर मागून उडायच्या. मोजणी मात्र फळीपासूनच होते. त्यामुळे मागे सोडलेलं सगळं वाया. उड्या आखूड पडायला लागल्या. मुलींचे सर ओरडत होते, "फळीवर पाय दे! फळीवर!" आणि मुली मान डोलवत होत्या आणि देत नव्हत्या.

शाडूवर एकही ठसा नव्हता. वाद मिटला होता, यात शंका नाही.

कुडपणची मुलगी सहा-सात जणींनंतर आली. वर पठारावरची, काटक, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, पायात काही नाही. बाप बरोबर आला होता, वडापच्या जीपने, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तिनेही वाकून नमस्कार केला. मागे गेली. पळत आली, आणि फळीच्या चांगलीच मागून उडाली.

ती हवेत असताना मैदान गप्प झालं असं मी म्हणणार नाही, कारण पलीकडे कबड्डी चालू होती. पण ताईची मान वळली. मुलगी वाळूत पडली ती झेंड्याच्या अलीकडे, पण झेंड्याच्या जवळ. टेप लावून झाल्यावर मोजणारे सर ताईकडे बघून हसले, म्हणजे थोडक्यात वाचलात. ताईने उडी ग्राह्य धरल्याचा पांढरा झेंडा खाली केला आणि पुढचीला हाक मारली.

मुलीने मग आणखी दोन उड्या मारल्या. दोन्ही मागूनच, दोन्ही तशाच.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. पलीकडे भाताला लोंब्या आल्या होत्या. ताईने डबा उघडला, मला दिला आणि स्वतः पाणी प्यायली.

"पाहिलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"तू चष्मे विकतोस ना रे?"

"फळीच्या मागून उडते," मी म्हटलं.

"फळीवरून उडाली तर?"

मी पोळीचा तुकडा मोडत बसलो. फळीवरून उडाली तर काय, हे भावोजींनासुद्धा कळलं असतं. "ताई, पंचाने खेळाडूला शिकवायचं नसतं," मी म्हटलं. "नियम आहे. तूच सांगतेस दर वर्षी."

"आहे नियम."

"मग झालं तर. सुट्टीनंतर एक एक उडी राहिलीय. होऊन जाईल."

"होऊन जाईल," ती म्हणाली. कुठल्या अर्थाने म्हणाली ते मला कळलं नाही. हल्ली तिची सगळी वाक्यं एकाच पट्टीत असायची.

तेवढ्यात ती मुलगी बापाबरोबर नळाकडे जाताना आमच्या समोरून चालली होती. ताईने हाक मारली.

"ए मुली, फळी दिसते ना तुला?"

"दिसती ना बाई."

"मग?"

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "सांग गो. बाय विचारतायत."

"बाई, तिथं देव हाय."

"पाय लागला म्हंजे?" बापाने पुस्ती जोडली. "माईकवर सांगितला ना सरांनी, गणपतीची माती हाय म्हणून. इतक्या जणींनी नाय ठेवला पाय, हिनं ठेवला आन् वरसभरात घरात काय झाला, तर मंग सगळी हिलाच बोलतील."

हे माझं खातं होतं, कारण माती माझी. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "अगं, मूर्ती झाली, प्रतिष्ठापना झाली, तर देव. ही नुसती उरलेली माती आहे. कारखान्यात कोपऱ्यात पडली होती."

मुलीने विचार केला. "उरलेली म्हंजे पन त्याच्याच आंगाची ना, काका?"

मुलीने ताईलाही विचारून पाहावं तसं तिच्याकडे बघितलं. ताई तिच्याकडे बघत होती, पण तिच्याकडे नाही, तिच्या पायांकडे. मग म्हणाली, "जा, पाणी पी."

ते गेल्यावर ताईने डब्याला झाकण लावलं. उठली. मैदानावर सामानाशेजारी एक घमेलं पडलं होतं, ते आणून माझ्यासमोर ठेवलं.

"बांधावरची माती आण. ओली, चिकट बघून आण."

"कशाला?"

"पट्टी बदलायचीय."

"ताई."

"पट्टी कशाची असावी ते पंच ठरवतो. कुणाला काही शिकवत नाहीये मी."

"ताई, भावोजी..." मी म्हटलं. इतक्या महिन्यांत आमच्या दोघांमध्ये तो शब्द असा मोकळा पहिल्यांदाच पडला होता.

"आण," ती म्हणाली. "उशीर होतोय."

मी गेलो. मुद्दाम सावकाश गेलो हेही खरं. वाटलं, सुट्टी संपेल, घाई होईल, राहून जाईल. बांधावर उतरताना पाय सरकला आणि मी खाचरात गुडघ्यापर्यंत गेलो. एक चप्पल आत राहिली. तिला शोधत असताना वर रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "काय हरवलं ओ?" मी म्हटलं, "चप्पल." ती म्हणाली, "लोंब्या तुडवू नका." एवढ्या गडबडीत घमेलं मात्र आपोआप भरलं होतं.

परत आलो तेव्हा माईकवरचे सर ताईच्या शेजारी उभे होते, माईक बंद करून, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"बाई, कशाला? पट्टी छान आहे. एकही फाऊल नाही सकाळपासून."

"म्हणूनच."

"लोक काय म्हणतील? पवित्र माती काढून टाकली?"

"तुम्ही माईकवर सांगा, पट्टी ओलावली म्हणून बदलली."

सर जरा जवळ सरकले. "बाई, तुमचाच विक्रम आहे. साहेब असते तर..." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "निदान यंदाचं वर्ष तरी राहू द्या."

ताईने थापी उचलली. "सर, मी उडी मारली तेव्हा तिथे साधी माती होती," एवढंच म्हणाली आणि खाली बसून शाडू काढायला लागली. कुडपणच्या मुलीचा बाप पुढे आला, त्याने डोक्याचा टॉवेल सोडून पसरला आणि तो सगळा शाडू त्यात घेतला. एक ढेकूळही खाली पडू दिलं नाही. "मी न्हेतो. वाटेत नदीत सोडतो," म्हणाला. मग ताईने माझी चिखलमाती पट्टीत दाबली, काळी, ओबडधोबड, त्यात एक भाताचं पातं. सरांनी माईकवरून सांगितलं. मुलींनी ते ऐकलं आणि एकमेकींकडे पाहिलं.

शेवटच्या फेरीत सगळ्यांच्याच उड्या लांबल्या. एकीचा पाय थेट चिखलात गेला, चांगला अंगठ्यासकट ठसा. ताईने लाल झेंडा दाखवला.

कुडपणच्या मुलीने या वेळी फळीशी येऊन नमस्कार केला नाही. पळायच्या खुणेवरूनच पट्टीकडे बघितलं. बापाने ओरडून सांगितलं, "ये गो, बिनघोर ये!" ती आली. पाय फळीवर पडल्याचा आवाज आला, लाकडाचा, कोरडा. मग ती वर गेली आणि मी तिच्याकडे बघायच्या ऐवजी ताईकडे बघत राहिलो.

ताई खुर्चीतून उठून पट्टीवर वाकली. फार वेळ वाकून राहिली. निदान मला तसं वाटलं. मी चार पावलांवर होतो, माझा चष्मा उत्तम आहे, आणि तरी मातीवर काही आहे की नाही हे मला सांगता आलं नसतं. उडी बाद करायला एक ओरखडा पुरला असता. कुणी विचारलंही नसतं.

तिने पांढरा झेंडा वर केला.

टेप लागली. मोजणाऱ्या सरांनी दोनदा वाचलं, मग दुसऱ्या सरांना वाचायला लावलं. भगवा झेंडा मुलीच्या टाचेच्या खुणेच्या अलीकडेच उभा होता, तेव्हा वाचायची गरज कुणालाच नव्हती. माईकवरचे सर आधी खाकरले, मग विक्रम म्हणाले, कुडपण म्हणाले, आणि नेहमीचं वाक्य सवयीने सुरू करून मध्येच थांबले. टाळ्या खूप झाल्या. बाप टॉवेलातली माती छातीशी धरून उभा असल्यामुळे त्याला टाळ्या वाजवता येईनात. मुलीला कुणीतरी ताईच्या पाया पडायला आणलं. ताईने तिचा दंड धरला, उठवलं, म्हणाली, "जिल्ह्याला पण फळीवरूनच उड." मग थापी घेतली, पट्टी सारखी केली आणि म्हणाली, "पुढची."

मोजणाऱ्या सरांनी भगवा झेंडा उपटून हातात धरला होता. "बाई, हा?"

"लावा ना तिथे," ताई म्हणाली. "पुढे लावा."

मला काय वाटलं म्हणाल तर चिखल वाळून पायाची कातडी ओढत होती. बाकी खरंच काही नाही.

संध्याकाळी आम्ही कापड्याहून निघालो. ती मागे बसली होती, पर्स मांडीवर. स्कूटरवर एक बरं असतं, माणसाचं तोंड दिसत नाही. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना भात, समोरून एखादा टेम्पो.

"यांना सांगायला पाहिजे," ती म्हणाली.

मी गाडी चालवत राहिलो. पुढच्या वळणानंतर ती म्हणाली, "हे नाहीयेत ना पण." दुकान बंद आहे, उद्या येऊ, अशा सुरात.

"मला सांग," मी म्हटलं.

"तुला काय सांगू? तू तिथेच होतास."

"मी पाय धूत होतो तेव्हा. नीट नाही पाहिलं."

मी पाय धुतलेच नव्हते, आणि हे तिला माझ्या पँटकडे बघून कळत असणार. गाव मागे पडलं. मग तिचा आवाज आला, आधी इतका हळू की वाऱ्यात अर्धा गेला.

"...कुडपणची आहे. नववीत. एवढीशीच आहे अंगाने, तुम्ही बघितली असतीत तर म्हणाला असतात, ही काय उडणार." 'तुम्ही' म्हणाली, 'तू' नाही. मी मागे वळलो नाही, वेग तेवढा कमी केला. "आधी बरीच मागे गेली. पळायला लागली तेव्हा मला वाटलं, पावलं चुकणार हिची. पण नाही चुकली. फळीवर असा पाय दिला ना, अख्खा..."

तिचा आवाज तिथे फाटला. ती थांबली, नाक ओढलं, आणि पुन्हा फळीपासून सुरू केलं.